शेवटची काठी

"ताई, घोरपडीच्या मैदानाला रोलर आहे का हो?"

रूथनं हे विचारलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांत रोलरचा दांडा होता आणि माझ्या पिशवीत तिला घोरपडीच्या संघात पाठवायचा कागद होता. या पोरीला सांगितलं कुणी?

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "तू आपलं काम कर."

ती पुन्हा रोलर ओढायला लागली. सिमेंट भरलेलं लोखंडी पिंप होतं ते. ओढताना असं करकरायचं की बाजारापर्यंत आवाज जायचा आणि लोक म्हणायचे, चला, आज शनिवार, रूथी लागली कामाला. अठरा वर्षांची किरकोळ पोर, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि बोलणं म्हणजे दिवसाला दहा वाक्यं. त्यातलं एक तिनं आत्ता माझ्यावर खर्च केलं होतं.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. आमचा संघ खडकी बाजार महिला हॉकी संघ, पण सगळे आम्हाला 'बाजारच्या पोरी'च म्हणायचे. मी कॅप्टन होते, सलग अकरा वर्षं. वय चौतीस, टेलिफोन खात्यात नोकरी, जागा राइट आउट, म्हणजे उजव्या कडेनं पळायचं, चेंडू कोपऱ्यात गाठायचा आणि आत मारायचा. एके काळी मी अशी पळायचे की समोरच्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. हे मी स्वतःच सांगतेय, पण तेव्हाचा कुणीही भेटला तरी हेच सांगेल. आणि राग? तो तर नाकावरच असायचा माझ्या. अकरा वर्षांत एकदाही जिल्ह्याचा कप आमच्या हाताला लागला नव्हता. चार वेळा फायनल हरलो. उद्या रविवारी पाचवी फायनल होती, आमच्याच मैदानावर, घोरपडीशी. आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं, कप मिळो न मिळो, पुढच्या मोसमात संघ नीट बांधायचा. त्यासाठी सेंटर हाफ बदलायची.

सेंटर हाफ म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारी. मागून आलेला चेंडू तिनं पुढे कुणाला द्यायचा ते ठरवायचं. सगळा खेळ तिच्या हातातून जातो. दोन वर्षं ही जागा रूथ रणनवरेकडे होती. घोरपडीकडे त्या जागेवर ज्योत्स्ना पिल्ले होती, एकोणतीस वर्षांची, मुरलेली. आणि घोरपडीचे सेक्रेटरी पठारे यांनी आपण होऊन विचारलं होतं की बदली करता का? आमची ज्योत्स्ना घ्या, तुमची रूथ द्या. मला तर लॉटरी लागल्यासारखंच झालं. सोमवारी पुढच्या मोसमाची नोंदणी बंद होणार होती. त्याआधी कागदावर कॅप्टनची सही हवी. फायनल झाली की सही करून देते, असं मी पठाऱ्यांना कबूल करून बसले होते.

रूथचं मला वाकडं नव्हतं हो. पण आमच्याकडे वही होती.

ही वही म्हणजे नायडू सरांचं खूळ. सर लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, जन्म खडकीतला, मराठी आमच्याहून अस्सल. हॉकी स्टिकला ते काठी म्हणायचे. त्यांचा नियम असा की मॅच चालू असताना जी बाहेर बसली असेल तिनं प्रत्येकीच्या चुका लिहायच्या. चेंडू समोरच्यांकडे गेला की ज्या आपल्या खेळाडूची काठी त्याला शेवटची लागली, तिच्या नावापुढे एक उभी रेघ मारायची आणि जागा लिहायची. त्यात वाद घालायचा नाही, कारणं द्यायची नाहीत. मॅच संपली की सगळ्यांसमोर वाचन व्हायचं, आणि जिच्या रेघा सर्वांत जास्त, ती पुढच्या आठवड्यात रोलर ओढणार. हे माझ्या लहानपणापासून चालत आलेलं होतं. मीही ओढलाय, पण फार पूर्वी.

दोन वर्षं तो रोलर रूथच ओढत होती. रेघाच तेवढ्या. आणि बहुतेक रेघा एकाच जागच्या. उजव्या कोपऱ्यात, चिंचेखाली, जिथे कुत्रंसुद्धा नाही अशा जागी ही बाई चेंडू मारून मोकळी व्हायची. चेंडू तिथे जाऊन पडायचा आणि समोरच्यांची मागे राखण करणारी बॅक रमतगमत येऊन तो उचलायची. मी अर्ध्या वाटेत उभी राहून हात वर करून ओरडायचे, "कुणाला देतेयस? चिंचेला?" सगळ्या हसायच्या. रूथ मान खाली घालून परत जागेवर जायची.

त्या शनिवारी मी बघितलं तर तिनं अख्खं मैदान दाबलं आणि नेमका तो चिंचेचा कोपरा सोडून रोलर फिरवला.

"ए, तो कोपरा कुणी दाबायचा? मी?"

"तो राहू दे ताई. तिथे मुरूम सुटा आहे. चेंडू थांबतो तिथे."

"अगं थांबतो म्हणूनच दाबायचा ना! तुझे सगळे चेंडू तिथेच थांबतात आणि लोक येऊन घेऊन जातात."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. दांडा खाली ठेवला, हातावरची माती झटकली आणि स्टिक उचलून घरी गेली. कोपरा तसाच राहिला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! तिथल्या तिथे कागद काढून सही करावीशी वाटली. पण पेन नव्हतं.

रविवारी दुपारी चारला फायनल. गर्दी म्हणाल तर भिंतीवरसुद्धा माणसं. बाजारातले निम्मे दुकानदार शटर अर्धं ओढून आलेले. माझी पिशवी नायडू सरांच्या खुर्चीखाली, पिशवीत तो कागद. पठारे पांढरा शर्ट घालून पलीकडच्या बाजूला बसले होते. मला बघून त्यांनी लांबूनच मान डोलावली. मीही डोलावली.

पहिल्या अर्ध्यात आम्ही रस्त्याच्या बाजूला चढाई करत होतो. काही जमलंच नाही. घोरपडीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि ज्योत्स्नानं असा फटका मारला की आमच्या गोलीला चेंडू दिसला तो जाळ्यात गेल्यावरच. एक-शून्य. मध्यंतरात सर लिंबाच्या फोडी वाटत होते. मी फोड चोखत ज्योत्स्नाकडे बघत मनात म्हटलं, पुढच्या वर्षी ही माझ्या बाजूला असेल.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. आता चिंच आमच्या समोर. आठव्या मिनिटाला रूथला मधे चेंडू मिळाला. मी उजवीकडून निघाले. तिनं वर बघितलंसुद्धा नाही आणि मारला थेट कोपऱ्यात. मी चार ढांगा पळाले आणि थांबले. कशाला पळायचं? गेलाच तो. हात वर केले, ओरडले, "अगं पायात दे ना, पायात!" चेंडू कोपऱ्यात जाऊन पडला. त्यांच्या बॅकनं येऊन उचलला.

चार मिनिटांनी पुन्हा तेच! पुन्हा तोच कोपरा. या वेळी रागाच्या भरात मी जीव खाऊन पळाले, आणि दहा पावलांत उजव्या पोटरीत असा गोळा आला की आईगं म्हणून खालीच बसले.

सरांनी मला बाहेर घेतलं आणि हाजराला आत पाठवलं. हाजरा शेख, सतरा वर्षांची, आमची कायमची राखीव. वर्षभर वही लिहिणं एवढाच तिचा खेळ. तिनं वही आणि पेन माझ्या मांडीवर टाकलं आणि सुटली. बाहेर येईल तिनं वही घ्यायची, हा नियम कॅप्टनलाही होता. अकरा वर्षांत ती वही माझ्या हातात पहिल्यांदा आली.

मी पोटरी चोळत बसले होते. बाहेरून मैदान वेगळंच दिसतं. आत असताना आपल्याला समोरची दोन माणसं आणि आपला श्वास एवढंच कळतं. बाहेरून सगळं पसरलेलं दिसतं, कोण कुठे, मोकळी जागा कुठे. रूथकडे चेंडू आला. तिनं वर न बघता मारला. कोपऱ्यात.

माझ्या हातानं सवयीनं तिच्या नावापुढे रेघ मारली. चेंडू अजून पळत होता आणि मी रेघ मारून मोकळी झाले होते.

पण हाजराला थांबायचं असतं हे कुणी शिकवलंच नव्हतं ना! ती आपली पळतच राहिली. मी जिथे थांबायचे ती जागा तिनं मागे टाकली आणि पळतच राहिली. आणि चेंडू, अगं बाई, तो चेंडू त्या सुट्या मुरमात शिरला, जड झाला आणि रेषेच्या वीतभर अलीकडे गपकन थांबला. हाजरा पोचली तेव्हा तो तिची वाट बघत होता. आसपास एक माणूस नाही. तिनं आरामात मान वर केली, आत बघितलं आणि डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धगोलात, चेंडू मारला. आमची सेंटर फॉरवर्ड विमल तिथे उभीच होती. गोल!

सगळं मैदान उठलं. मी उठले नाही.

मी वहीची मागची पानं उलटली. मागची मॅच, त्याच्या मागची, गेलं वर्ष. हाजराचं गिचमिड अक्षर. रूथ, उजवा कोपरा. रूथ, उजवा कोपरा. रूथ, उजवा कोपरा. आणि माझ्या नावापुढे? काहीच नाही. स्वच्छ पान. असणारच ना! माझी काठी त्या चेंडूंना लागतच नव्हती. मी तिथे पोचतच नव्हते, मग माझी चूक कुठून दिसणार?

ती पोरगी बरोबर देत होती. दोन वर्षं बरोबर देत होती. राइट आउटनं जिथे असायला हवं तिथे. मीच तिथे नव्हते.

कुणी थोबाडीत मारावी तसं झालं मला. आणि लाज अशी वाटली की वर बघवेना. जिला मी चिंचेवरून चिडवत होते, ती माझ्यासाठी चेंडू ठेवत होती. कोपरा न दाबता सोडला तोही माझ्यासाठीच. म्हातारी बाई दमेल, पण चेंडू तिच्यासाठी थांबेल, असा हिशोब. आणि मी तिला चेंडूसारखीच देऊन टाकायला निघाले होते.

आत्ता मारलेली रेघ मी खोडली. त्या वहीत तोवर कुणीही कधी खाडाखोड केली नव्हती.

"कुंदा," नायडू सर मागून म्हणाले. "नऊ मिनिटं राहिली. गोळा गेला का? चल, आत जा. हाजराला बोलावतो."

गोळा कधीच गेला होता. मी उभी राहिले, पाय आपटून बघितला. एकदम ठीक. अकरा वर्षं मी या नऊ मिनिटांची वाट बघत होते. एक-एक बरोबरी, आपलं मैदान, आपली माणसं. आत जायचं, कप जिंकायचा आणि मग निवृत्त व्हायचं, हे चित्र मी किती वेळा रंगवलं होतं म्हणून सांगू! पाय पुढे पडलासुद्धा एक.

मग खाली बसले.

"नाही सर. हाजराला राहू द्या."

"दुखतंय?"

"नाही."

"कुंदा, फायनल आहे. पुन्हा विचारणार नाही."

"नका विचारू," मी म्हटलं. "मी तिथपर्यंत पोचत नाही सर. हाजरा पोचते."

सरांनी खिशातून रुमाल काढला, घाम नसताना कपाळ पुसलं आणि मैदानाकडे वळले. मग तिकडे बघतच म्हणाले, "उशिरा का होईना, कळलं तुला."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"अकरा वर्षांच्या कॅप्टनला तू हळू झालीस असं कोण सांगणार? तुझा राग मला माहीत नाही का? मी म्हटलं, वही सांगेल. पण ती तर माझ्यावर उलटली. नियमच मी चुकीचा केला होता."

मी काही उत्तर देणार तोच आरडाओरडा झाला. शेवटची तीन मिनिटं होती. ज्योत्स्ना आता हुशार झाली होती. तिनं आपल्या बॅकला आधीच कोपऱ्याकडे पाठवलं होतं. हाजरा निघाली तेव्हा ती बॅक तिच्या दोन पावलं पुढेच होती. रूथनं बघितलं असणार. तरीही मारला, आणि या वेळी असा जोरात की माझ्या शेजारचा माणूस "गेला बाहेर!" म्हणून कपाळ बडवायला लागला.

त्या बॅकलाही तसंच वाटलं. चेंडू रेषेबाहेर जाणार, मग आपल्यालाच मिळणार, अशा खात्रीनं तिनं स्टिक बाजूला घेतली आणि हाजराला आडवी होऊन चेंडूला वाट करून दिली. बिचारी पाहुणी. त्या कोपऱ्यावर रोलर फिरला नाही हे तिला कोण सांगणार?

"थांबतोय बघा," मी ओरडले. "थांबतोय! हाजरे, थांबतोय तो!"

चेंडू मुरमात घुसला, धूळ उडाली आणि रेषेवर, अगदी रेषेवर उभा राहिला. बॅक वळेपर्यंत हाजरानं तिला वळसा घातला, चेंडू ओढला, रेषेरेषेनं आत शिरली आणि गोलीच्या पायांमधून सरकवला.

दोन-एक!

उरलेल्या एक-दोन मिनिटांचं मला काहीही आठवत नाही. शिट्टी वाजली तेव्हा मी सरांच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं होतं एवढं आठवतं. बाजारातले लोक मैदानात घुसले. कुणीतरी हलगी आणली होती. हाजराला खांद्यावर घेतलं, विमलला घेतलं. रूथ मात्र मधेच उभी होती, स्टिकवर हनुवटी टेकून, आणि हसत होती. तिला इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

गर्दीतून पठारे आले. हरले होते तरी माणूस सभ्य. "अभिनंदन, जाचक ताई. तेवढा कागद दिलात तर निघतो."

सगळ्या पोरी गप्प झाल्या. कागदाचं सगळ्यांनाच ठाऊक होतं तर! रूथचं हसू मावळलं. तिनं स्टिक उचलून काखेत धरली, जणू निघायचीच तयारी.

मी पिशवीतून कागद काढला. उभा फाडला, मग आडवा फाडला. "माफ करा पठारे साहेब. शब्द फिरवतेय. ही पोरगी खडकी सोडून कुठेही जाणार नाही."

पठारे हसले. "मला वाटलंच होतं. खरं सांगू? आमची राइट आउट वर्षभर माझ्या मागे लागली होती. म्हणायची, तसले पास मला कुणी देत नाही, ती सेंटर हाफ आणाच. तुम्ही इतक्या पटकन हो कशा म्हणालात, याचंच मला नवल वाटत होतं."

समोरच्या संघातल्या पोरीला जे दिसलं, ते वहीत लिहिलेलं असूनही मला दिसलं नव्हतं.

"चला, वाचन करा," नायडू सर ओरडले. कप जिंकला म्हणून नियम सुटत नव्हता. सगळ्या गोल करून बसल्या. मी वही उघडली आणि उभी राहिले.

"विमल, दोन. हाजरा, एक." मी एकेक नाव वाचत गेले. "रूथ रणनवरे, एकही नाही."

"ताई, दोन आहेत," हाजरा मधेच म्हणाली. "मीच लिहिल्यात. तुम्ही बाहेर यायच्या आधीच्या."

"त्या तिच्या नाहीत. त्या माझ्या." मी घसा खाकरला. "आणि गेल्या दोन मोसमांतल्या उजव्या कोपऱ्यातल्या सगळ्या माझ्या. मोजत बसू नका, अंधार पडेल. कुंदा जाचक, सर्वांत जास्त."

कुणी हसलं नाही. रूथ खाली बघत मुरमात बोटानं काहीतरी रेघोट्या मारत होती. मग तिनं बाहीनं डोळे पुसले आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलली.

"ताई, कप तर उचला."

तो कप मी उचलला. केवढासा होता, तरी दोन्ही हातांनी धरला. मग रूथच्या हातात दिला, आणि पोरींनी जो गलका केला तो बाजारापलीकडे गेला असेल. त्यानंतर मी एकही मॅच खेळले नाही. रूथ सहा वर्षं आमच्याकडे खेळली, त्यातली चार कॅप्टन म्हणून, आणि आणखी दोन कप आणले.

पुढच्या शनिवारी सकाळी मी साडीचा पदर खोचून रोलरचा दांडा धरला. काय जड होतं ते धूड! अर्ध्या तासात हाताला फोड आले. रूथ कडेला दगडावर बसून शेंगदाणे खात होती, हाजरा तिच्या शेजारी. दोघी मजा बघत होत्या. ओढत ओढत मी चिंचेपाशी आले, पायाखालचा मुरूम सुटा लागला, आणि मागून एकदम हाक आली.

"ताई! तो कोपरा सोडा!"

"माहितीये गं!" मी ओरडले, आणि रोलर वळवला.